कारण सयुक्तिक नाही

माझे केस पाठीवर रुळत होते तेव्हा मी सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते. कचेरीच्या दप्तरात माझ्या नावापुढं ‘पुरुष’ लिहिलेलं होतं. ते शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेलं, दाखल्यावर ते गावच्या मास्तरांनी लिहिलेलं आणि मास्तरांना ते माझ्या बापानं सांगितलेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मी बाई आहे हे मला दहाव्या-अकराव्या वर्षापासून पक्कं ठाऊक होतं. त्यात काही मोठी विद्या नाही. भूक लागली हे माणसाला जसं कळतं, तसंच हेही कळतं. तेव्हा इथं मी ‘गेले’, ‘आले’ असंच लिहिणार आहे. ज्यांना खटकेल त्यांनी पुस्तक मिटून ठेवावं, माझी हरकत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आमचा सगळा कारभार अकोल्याच्या नावावर चाले. कचेरी वाशीमजवळच्या मालेगावला होती, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. कोणती कचेरी ते सांगत नाही. त्यातली बरीच माणसं मरून गेली, आणि मेलेल्यांशी भांडायची मला हौस नाही. संताप मात्र जिवंत आहे, आणि तो आवरायला मला कोणी सांगू नये.

माझं गाव रिठद. घर बौद्ध वस्तीत. बाबा दुसऱ्याच्या वावरात राबत, स्वतःचं दोन एकर मुरमाड होतं. मी मॅट्रिक झाले, वाशीमला टायपिंगच्या क्लासात सहा महिने बोटं मोडून घेतली आणि हंगामी म्हणून का होईना, नोकरीला लागले. आमच्या वस्तीतून सरकारी खुर्चीवर बसलेलं पहिलं माणूस मी. बाबांनी ते ज्याला त्याला सांगितलं. ज्याच्या वावरात ते इतकी वर्षं राबले होते त्यालाही, त्याच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून सांगितलं.

खुर्चीचं एवढं कौतुक कशासाठी, हे कळायला आधी बाबांच्या केसांचं सांगावं लागेल. त्यांच्या जन्माआधी माझ्या आजीनं मरीआईला नवस केला होता की पोरगा जगला तर तुझ्या पायावर घालीन. पोरगा जगला. म्हणून त्याच्या डोक्याला कधी कात्री लागली नाही, आणि मोठा झाल्यावर तो देवीचा पोतराज झाला. पाठभर केस, कपाळभर कुंकू, कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरू, हातात आसूड. आखाडात दारोदार जायचं, मालदार लोकांच्या अंगणात उभं राहून आपल्याच उघड्या अंगावर आसूड ओढून घ्यायचे, आणि आतल्या बायांनी सुपातून मूठभर ज्वारी वरून झोळीत टाकायची. वरून, कारण हात लागला तर विटाळ. त्या माणसाला देवीचा म्हणत, हात जोडत, आणि ओसरीवर पाय ठेवू देत नसत.

छप्पन साली बाबा नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्या दिवशी अंगणात बसून त्यांनी स्वतःचे केस विळ्यानं कापले. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हताच, आणि देवीच्या केसांना हात लावायची तर कोणाचीच छाती नव्हती. मी तेव्हा चार वर्षांची होते. घागरा चुलीत गेला, त्या जाळावर मायनं भाकरी केल्या, आणि बाबांनी सांगितलं की आजपासून या घरातलं लेकरू कोणाच्या नवसाचं नाही. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ते डोकं इतकं बारीक करून घेत की खालची कातडी दिसावी. पुरुषाच्या डोक्यावर वाढलेले केस पाहिले की त्यांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची. आणि नेमकी त्यांच्याच पोटी मी जन्मले.

कचेरीत लागले तेव्हा माझे केस मानेपर्यंत होते. सिनेमा पाहून पोरं तेव्हा कानावर केस ठेवतच होती, त्यात खपून गेलं. बाबा कुरकुरले, पण नोकरीच्या आनंदात तेही खपलं. मग मालेगावला मी खोली केली आणि कात्रीला विसरले. घरी दोन-दोन महिन्यांनी जायची, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, उन्हाचं निमित्त सांगून. माय ओळखून होती. जेवायला वाढताना ती रुमालाकडं पाहायची आणि आणखी एक भाकरी वाढायची.

कचेरीतले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, इंझोरीकडच्या शेतकरी घरातले होते. स्वभावानं वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण मला जे भोगावं लागलं ते वाईट माणसांमुळं नव्हे. वाईट माणसांशी निदान भांडता येतं. केस खांद्याखाली उतरले तेव्हा एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. इकडंतिकडं पाहून त्यांनी हळूच विचारलं, “देवीचे हायेत काय?”

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडात ‘नाही’ आलंही होतं. पण नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘मग कशाचे’ असा येणार, आणि त्याचं उत्तर मी तोवर आरशालासुद्धा मोठ्यानं दिलेलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि मशीनचा रोलर फिरवला. बडेबाबूंनी तो होकार धरला, मी धरू दिला. चूक माझी आहे आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

त्या दिवसापासून कचेरीची तऱ्हाच बदलली. कालपरवापर्यंत मला ‘हिप्पी’ म्हणून खिदळणारे बाबू लोक केसांकडं पाहून नजर खाली घालू लागले. माझी हिंमत वाढली. आधी काजळ आलं, मग कुंकवाचा ठिपका, मग बांगड्या. बाजारातल्या कासारानं बांगड्या कोणासाठी म्हणून विचारलं. माझ्यासाठी, असं म्हटल्यावर त्यानं शेजारच्या दुकानदाराला डोळा मारला. कचेरीतला शिपाई माझ्यासोबत होता, तो कासाराच्या कानाशी लागून काही पुटपुटला. कासाराचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यानं माझा हात धरला, हिरव्या बांगड्या अशा अलगद चढवल्या की एकही फुटली नाही, आणि शेवटी नमस्कार केला. तेव्हा मला आनंद झाला होता. आज आठवलं की चीड येते. मनगट तेच, बांगड्या त्याच. माझी हौस म्हणून घाण, आणि देवीची इच्छा म्हणून पवित्र.

खोट्यावर मिळाले तरी ते दिवस सुखाचे होते, हे मी लपवत नाही. पांढरा सदरा, पायजमा, पाठीवर वेणी, हातात बांगड्या. टाइप करताना बांगड्या मशीनच्या कडेला आपटत, म्हणून मी त्या कोपराकडं सरकवून घट्ट बसवायची. एका वेळी चार कार्बन घातले तरी शेवटची प्रत वाचता यावी असा माझा हात होता, आणि सगळ्या कचेरीत मराठी मशीन चालवणारी मी एकटीच. साहेब पुण्याकडचे, स्वतःला सुधारलेले समजणारे. वेणी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या तेव्हा बडेबाबूंनी आत जाऊन काय ते सांगितलं, आणि धार्मिक बाब आहे म्हणून साहेबांनी विषय सोडून दिला. सकाळी खोलीवर आरशासमोर काजळ घालताना मला वाटायचं, जगाचं काही बिघडलेलं नाही आणि मी माझी आहे, आणखी काय पाहिजे.

पण माठाचं सांगायचं राहिलं. कचेरीत पाण्याचा माठ होता आणि मी त्याला हात लावायचा नाही, असं कोणी कुठं लिहिलेलं नव्हतं. तहान लागली की शिपायाला सांगायचं, मग तो माझ्या वेगळ्या गिलासात वरून ओतायचा. डोक्यावर देवीचे केस आले तरी गिलास वेगळाच राहिला. मंगळवारी बाबूंच्या बायका येऊन टेबलावर नारळ ठेवत, हात जोडत, पण टेबलाच्या पलीकडून आणि पदर आवळून. हात जोडायचे ते देवीला आणि विटाळ मानायचा तो माझा, ही वाटणी त्यांना कशी जमे कोण जाणे. बाबांच्या झोळीत वरून पडणारी ज्वारी मला तेव्हा रोज आठवायला हवी होती. आठवत असेलही, मी तिकडं पाहत नव्हते.

दीड वर्ष असं गेलं. एका शुक्रवारी बडेबाबूंच्या घरच्या बाई सुनेला घेऊन कचेरीत आल्या. सुनेला मूल होत नव्हतं. त्यांनी माझ्या टेबलावर नारळ ठेवला, खण ठेवला, आणि दुरूनच आशीर्वाद मागितला. सून बिचारी खाली पाहत उभी होती. मला तिची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली, पण सगळी कचेरी पाहत होती. मी हात वर केला. त्याच वेळी दारात बाबा येऊन उभे राहिले.

दीड वर्षात ते कचेरीत एकदाही आले नव्हते. त्या दिवशी मालेगावच्या बाजाराला आले होते, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून, आणि आपलं लेकरू खुर्चीवर कसं दिसतं एवढं पाहून जावं म्हणून वळले होते. त्यांना दिसलं ते हे: कपाळाला कुंकू, पाठीवर केस, पुढ्यात खण-नारळ, आणि हात जोडून उभ्या असलेल्या दोन बाया.

मला वाटलं, आता ते मला मारतील. त्यांनी टेबलावरचा नारळ उचलला आणि वाकून खाली फरशीवर ठेवला. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमी देवी कवाच सोडली. याच्यासाठी कोनं नवस नाई केला. कोनं सांगतलं तुमाले?” आणि माझ्याकडं न पाहता निघून गेले.

बडेबाबूंच्या बाईंनी खण असा झटकन ओढून घेतला, जणू माझ्या टेबलाचा चटका बसत होता. तासाभरात कचेरीतलं जुनं हसू परत आलं, आणि या वेळी ते नुसतं हसू नव्हतं. दीड वर्ष हात जोडल्याचा सूड त्यांना उगवायचा होता. मला उद्देशून जो शब्द वापरला गेला तो मी इथं लिहीत नाही. ज्यांनी तो वापरला त्यांनी सकाळीच माझ्या टेबलापुढं हात जोडले होते.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. देवीचं असेल तर त्यांची हरकत नाही. नसेल, तर पुरुष कर्मचाऱ्यानं बायकी वेष करून कचेरीची अप्रतिष्ठा केल्याबद्दल मी सोमवारी लेखी खुलासा द्यावा. दीड वर्ष मी त्याच वेषात त्यांची पत्रं टाइप केली, तेव्हा प्रतिष्ठा कुठं गेली होती, हे मी विचारलं नाही. आज विचारते. आणखीही एक विचारते. आवक-जावकचे बाबू मिशांना तेल लावून पीळ भरून येत. बडेबाबूंच्या कानात सोन्याची बाळी होती. खुद्द साहेब पिकलेले केस दर रविवारी काळे करत, त्याचा डाग सोमवारी कॉलरला दिसे. हे सगळे जण रोज सकाळी आरशासमोर आपलं पुरुषपण नीट लावूनच कचेरीत येत होते. त्यांच्यापैकी कोणाकडं कधी खुलासा मागितला?

बडेबाबूंनी तोडगा काढला. आपल्या हातानं मसुदा लिहून आणला की अर्जदाराच्या जन्मापूर्वी त्याच्या मातेनं देवीला नवस केला होता, धर्मांतरामुळं वडिलांना तो मान्य नव्हता, तरी वस्तुस्थिती खरी आहे. खाली वडिलांची सही. एवढं झालं की फाइल बंद. आपण माझ्यावर उपकार करत आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. “तुह्या बापाले समजाव,” ते म्हणाले. “कागदावर देवी असली म्हंजे कोनी काई बोलत नाई.” मी मशीनला कागद लावला, दोन कार्बन घातले, आणि माझ्या मायच्या नावावर खोटा नवस मीच टाइप केला.

रविवारी रिठदला गेले. रुमाल बांधला नाही, आता कोणासाठी बांधायचा? वस्तीतून जाताना लोक ओट्यांवरून उठून पाहत राहिले. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि खरं ते सांगितलं की सही केली तर खुर्ची राहते, नाही केली तर जाते. बाबा चाळिशी उलटल्यावर वस्तीतल्या वर्गात वाचायला शिकले होते. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून त्यांनी तो कागद सगळा वाचला. मायच्या नवसापाशी बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं.

मी शिव्या खायची तयारी करून गेले होते, याची नव्हे. एका नवसापायी ज्या माणसानं सगळं तरुणपण अंगावर वळ घेतले, तो माझ्या खुर्चीसाठी पुन्हा देवीच्या नावाखाली सही करायला निघाला होता. “खुर्ची नाई जाऊ द्याची,” ते म्हणाले. “मी करतो सई.” पेनाचं टोपण काढून त्यांनी कागद मांडीवर घेतला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाबांवर राग नव्हता. कचेरीतल्या त्या भल्या माणसांवर होता, ज्यांनी इतक्या सहज हा सौदा मांडला होता: बापानं आपला शब्द मोडावा, म्हणजे लेकरानं केस ठेवावेत. आणि हा सौदा बाबांच्या दारात घेऊन आलेली मी, मशीनवर नीट टाइप करून. मी कागद ओढून घेतला.

“बाबा, देवी नाई,” मी म्हटलं. “कोनाचा नवस नाई. मी पोरगी हाव. पैल्यापासून हाव. म्हनून ठेवले केस.”

माय भिंतीशी ज्वारी निवडत होती, तिचा हात थांबला. बाबा माझ्याकडं पाहत राहिले. कागदावरचं एखादं जोडाक्षर त्यांना लागत नसे तेव्हा ते असेच पाहत. मग म्हणाले, “हे मले नाई समजत.” आणि लगेच, “पन देवी नाई ना?”

मी नाही म्हटलं.

“मंग खोटं कायले लिवतं? जे हाय ते लिव.”

हे ऐकलं की लोक मला म्हणतात, वा, बापानं किती समजून घेतलं. कसलं समजून घेतलं. त्यांना माझी वेणी कधीच आवडली नाही. मी शेजारी जेवायला बसले की ते तोंड फिरवून जेवत. फक्त एवढंच होतं की खोट्यापेक्षा त्यांना न समजलेलं खरं चालत होतं. कचेरीत मॅट्रिकच्या वर शिकलेली अकरा माणसं होती, त्यांच्यातल्या एकालाही तेवढं जमलं नाही.

सोमवारी मी खुलासा टाइप केला. केस आणि बांगड्या मी माझ्या इच्छेनं ठेवल्या आहेत. त्यांचा कोणत्याही देवीशी संबंध नाही. मी स्वतःला स्त्री समजते. माझ्या कामाविषयी तक्रार असल्यास दाखवून द्यावी. बस, चार ओळी. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, लाल शाईचं पेन उघडलं आणि समासात लिहिलं, ‘कारण सयुक्तिक नाही.’

सयुक्तिक म्हणजे बुद्धीला पटणारं. न पाहिलेली देवी एका टायपिस्टाच्या डोक्यावर केस वाढवते, हे त्यांच्या बुद्धीला दीड वर्ष पटलं. टायपिस्टानं हात वर केला की सुनेची कूस उजवेल, हेही पटलं. आणि माझ्या डोक्यावर माझे केस आहेत, एवढी साधी गोष्ट पटेना. साहेब म्हणाले, असलं काही त्यांना फाइलला लावता येणार नाही. मी दुसरा कागद द्यावा, नाहीतर उद्या केस कापून यावं. मी दोन्हीला नाही म्हटलं. बडेबाबू मधे पडले. एका ओळीचा तर प्रश्न आहे, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मला त्या पाण्याचाच जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या अक्षरातला मसुदा माझ्याच टेबलावर आला, कारण टायपिस्ट मीच. या हंगामी कर्मचाऱ्याच्या सेवेची कार्यालयास आवश्यकता राहिलेली नाही, सबब त्यास आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. चार प्रती काढाव्यात. मी शिपायाला आत पाठवून विचारलं की कारण काय घालायचं. उत्तर आलं की हंगामीला कारण लागत नाही. आवश्यकता नाही म्हणे. माझ्या डाव्या हाताला टाइप करायच्या कागदांची चळत खुर्चीच्या पाठीइतकी उंच झाली होती. मी तो आदेश टाइप केला. समास सारखे, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. सही होऊन आल्यावर माझी प्रत घेतली, मशीनवर कापड घातलं आणि बाहेर पडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि तो मी स्वतःच्या दहा बोटांनी स्वतःला दिला होता.

घरी बाबांनी आदेश दोनदा वाचला. मागची बाजू उलटून पाहिली. ते एकच विचारत होते, काढलं कशासाठी ते कुठं लिहिलंय? मी म्हटलं, नाही लिहिलं. त्यांना ते पटेना. कामावरून काढलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, स्वतःही काढले गेले होते. धनी शिव्या देई, कधी हातही उगारी, पण कशासाठी काढतो ते तोंडावर सांगे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते मला घेऊन निघाले. मी येत नाही म्हटलं तर म्हणाले, तुझंच कारण आहे, तू नको तर कोण?

साहेबांच्या खोलीत बाबा टेबलासमोर उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला, वेणी पाठीवर, बांगड्या हातात. दारात बाबू लोकांची गर्दी झाली. बाबांनी कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की भांडायला आलो नाही, नोकरी परत मागायलाही आलो नाही. यात कारण तेवढं लिहून द्या. केस ठेवले म्हणून काढलं असं लिहा, बांगड्या भरल्या म्हणून लिहा, जे असेल ते लिहा, मी घेऊन जातो. साहेब म्हणाले, तसा नियम नाही. बाबा म्हणाले, नियम नका लिहू, कारण लिहा. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “अहो, असलं कसं लिहिणार? वर काय तोंड दाखवू मी?”

“तुमाले लिवाची लाज वाटते,” बाबा म्हणाले. “मंग काहाडाची कशी नाई वाटली?”

साहेबांनी घंटी वाजवली. शिपाई आला आणि माझी नजर चुकवून दार धरून उभा राहिला. बाबा हलले नाहीत. साहेब दौऱ्याचं सांगून जीपमध्ये बसून निघून गेले, तरी ते रिकाम्या खुर्चीसमोर दुपारपर्यंत उभे होते, आणि मीही. शेवटी बडेबाबूंनी खोलीला कुलूप लावायचं आहे म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

पुढं मी वाशीमला एका झाडाखाली मशीन मांडून लोकांचे अर्ज टाइप केले आणि त्यावरच आयुष्य काढलं, बांगड्यांसकट. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. मी कोण आहे ते त्यांना अखेरपर्यंत उमगलं नाही, पण गावात कोणी नवं माणूस भेटलं की ते सांगत, माझ्या लेकराला काढलं आणि कशासाठी ते लिहून दिलं नाही. ओळखीचे लोक मला म्हणतात, आता पन्नास वर्षं होत आली, जाऊ दे. काहून जाऊ देऊ? मला ते कारण अजून लेखी हवं आहे.